फौजी पत्रांचा संग्रह: तारीख, पलटण, दर आणि शिक्का

प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्याकडच्या जुन्या घरातल्या ट्रंकेत पहिल्या महायुद्धातल्या पत्रांचा एक गठ्ठा आणि काही रिकामी पाकिटं सापडली आहेत. आता मुंबईत राहून फौजी टपालाचा रीतसर संग्रह करायचा आहे. सुरुवात कुठून करावी, खरं-खोटं कसं ओळखावं आणि इथल्या दमट हवेत हे कागद टिकवायचे कसे?

पहिली गोष्ट, गठ्ठा घाईने सोडवू नका. दोरीत बांधलेला आहे तसा त्याचा फोटो काढा. मग एकेक पत्र बाहेर काढताना वेगळ्या कागदावर १, २, ३ असा क्रम लिहीत जा. कोणतं पत्र कोणत्या पाकिटातून निघालं याची नोंद तिथल्या तिथे झाली पाहिजे, कारण नंतर ती जोडी जुळवणं फार अवघड जातं. पाकिटावर पलटण, शिक्का, सेन्सॉरची सही असते आणि आतल्या कागदावर मजकूर, तारीख, गावाकडची नावं. दोन्ही एकत्र असतील तरच त्या वस्तूला पुरावा म्हणून अर्थ आहे. पाकिटावरचं तिकीट कापून किंवा वाफेवर सोडवून अल्बमात लावायची सवय आपल्याकडे फार जुनी, आणि तिने या विषयाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वाळवीनेही केलेलं नाही. सुटं तिकीट शंभर जणांकडे असतं. कामाचं असतं ते अख्खं पाकीट.

संग्रहाचा सगळा कस एका तपासणीत आहे: तारीख, पलटण, टपालाचा दर आणि शिक्का या चार गोष्टी एकमेकींशी जुळतात का? तीन जुळल्या आणि चौथी हटून बसली, तर एक तर वस्तू बनावट असते किंवा फार मोलाची असते. दुसरी शक्यता क्वचितच खरी ठरते.

पलटणीपासून सुरू करू, कारण मराठी माणसाच्या हाताशी हीच किल्ली सगळ्यात सोपी आहे. १९०३ च्या फेररचनेत मुंबई फौजेतल्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. म्हणून आधीची ३ री, ५ वी, १० वी पलटण पुढे १०३ वी, १०५ वी, ११० वी मराठा झाली. त्याच रांगेत ११४, ११६ आणि ११७. मग १९२२ मध्ये हे सगळं ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीत आलं: १०३ वी म्हणजे पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी. आता १९१६ ची तारीख घातलेल्या पत्रावर ‘५ वी मराठा’ असं दिसलं तर पुढे बघायची गरज नाही. १८९७ च्या पाकिटावर ‘१०३ वी’ दिसली तरी तेच. ‘१११ वी महार’ ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, त्यामुळे तिचं नाव त्याआधीच्या पत्रावर येऊ शकत नाही. बनावट माल करणाऱ्यांना तिकीट आणि शिक्का यांची बरीच माहिती असते; पलटणींच्या नावांत मात्र ते हमखास घसरतात.

जागेचीही तशीच कसोटी आहे. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमारा इथल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तिथून नेहमीचं टपाल बाहेर पडत नव्हतं. ‘कुतहून, फेब्रुवारी १९१६’ असं सांगून नीटनेटका शिक्का मारलेलं पाकीट कुणी पुढे केलं, तर हात जोडून नको म्हणा. शरणागतीनंतरची याच पलटणींतल्या शिपायांची पत्रं तुर्की कैदेतून आलेली असतात. त्यांच्यावर रेड क्रिसेंटच्या किंवा तुर्की सेन्सॉरच्या खुणा दिसतात, मजकूर अगदी तुटक असतो आणि गावी पोचायला कित्येक महिने लागलेले असतात. मराठी घरात असं एक जरी पत्र निघालं तरी ते विकायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शिक्का. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून गेलेल्या फौजांना अक्षरं दिली होती: फ्रान्सला ‘ए’, पूर्व आफ्रिकेला ‘बी’ आणि ‘सी’, मेसोपोटेमियाला ‘डी’, इजिप्तला ‘ई’ आणि ‘एफ’, गॅलिपोलीला ‘जी’. त्यांच्याबरोबर हिंदी टपाल खात्याचीच माणसं फिल्ड पोस्ट ऑफिसं घेऊन गेली. त्यांच्या गोल शिक्क्यावर गावाचं नाव नसतं, फक्त क्रमांक आणि तारीख असते. नवख्याची पहिली चूक इथेच होते. कुठल्या तरी यादीत क्रमांक सापडला की तो तिथलं गाव लिहून मोकळा होतो. पण फिल्ड पोस्ट ऑफिस ब्रिगेडबरोबर किंवा डिव्हिजनबरोबर हलायचं. तोच क्रमांक जानेवारीत एका गावी आणि जूनमध्ये दीडशे मैल पुढे असू शकतो. म्हणून क्रमांक आणि तारीख मिळूनच जागा ठरते, आणि तारखेचा आकडा पुसट असेल तर वहीत जागेपुढे प्रश्नचिन्ह ठेवावं. दुसरी मदत पाकिटाच्या मागच्या बाजूला मिळते. कराड, वाई, चिपळूण अशा पोचलेल्या पोस्टाचा शिक्का आणि त्याची तारीख तिथे असते. बसऱ्याहून सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात पत्र पोचायला काही आठवडे लागणं साहजिक आहे. तीन दिवसांत पोचलेलं पत्र मात्र कुणीतरी घरी बसून पोचवलेलं असतं.

दराचा मुद्दा थोडा किचकट, पण फसवणूक पकडायला तोच सगळ्यात उपयोगी. रणभूमीवरच्या शिपायाचं साधं पत्र या युद्धात बिनतिकिटाचं जायचं. त्यामुळे ट्रंकेतल्या पाकिटांवर तिकीट नसेल तर ते कुणी काढून घेतलं असं समजू नका. तिथे ते कधी नव्हतंच. वर ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’ असं लिहिलेलं किंवा छापलेलं असेल, खालच्या डाव्या कोपऱ्यात पलटणीतल्या अधिकाऱ्याची सही आणि जवळपास सेन्सॉरचा क्रमांक असलेला ठसा असेल. याच काळात पंचम जॉर्जच्या तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) अशी अक्षरं छापून ती तीन पैपासून एक रुपयापर्यंत काढली होती. ही तिकिटं लागायची रजिस्टर्ड पत्रांना, पार्सलांना आणि अशाच जादा कामांना. म्हणून साध्या पाकिटावर सगळ्या किमतींची तिकिटं एका ओळीत आणि प्रत्येकावर स्वच्छ, मधोमध शिक्का असं काही दिसलं, तर ते शिपायाचं पत्र नाही, कुणा शौकिनाने मुद्दाम करून घेतलेलं पाकीट आहे. त्यालाही गिऱ्हाईक असतं. फक्त ते ‘शिपायाचं पत्र’ म्हणून आणि त्या भावाने घेऊ नये.

पाकिटावरची ती सही दुर्लक्षू नका. ती बहुधा पत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याची असते आणि त्या वर्षाच्या इंडियन आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, त्याचं नाव, पलटण, हुद्दा सापडू शकतो. नाव सापडलं की पाकिटावर न लिहिलेली पलटणसुद्धा कळते. फ्रान्समध्ये हिंदी शिपायांच्या पत्रांना दोनदा चाळणी होती, आधी पलटणीत आणि मग हिंदी टपालासाठी नेमलेल्या वेगळ्या सेन्सॉर कचेरीत. त्या कचेरीने भाषांतर करून काढलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत. मूळ कागद मात्र बहुतेक हरवले. आपल्याकडच्या खेड्यातल्या ट्रंकेत निघणाऱ्या मूळ पत्राचं मोल त्यामुळेच जास्त.

पत्र वाचताना एक लक्षात ठेवा. हस्ताक्षर पाठवणाऱ्याचं असेलच असं नाही. बऱ्याच शिपायांची पत्रं पलटणीतला लिहिता येणारा गडी लिहून देई. एकाच हाताची पत्रं दोन वेगळ्या घरांत निघाली तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही; उलट दोन्ही शिपाई एकाच कंपनीत होते याचा तो दुवा असू शकतो. मजकूर मोडीत असेल किंवा बाळबोधीत. सुरुवातीला तीर्थरूपांना शिरसाष्टांग नमस्कार, मग ‘वि. वि.’ (विनंती विशेष), खुशाली, पाऊसपाणी, आणि शेवटी अमक्याला नमस्कार, तमक्याला आशीर्वाद अशी लांबलचक यादी. नवखे ही यादी सोडून देतात आणि लढाईचं वर्णन शोधत बसतात. लढाईचं वर्णन सेन्सॉरने राहूच दिलेलं नसतं. यादीतली आठ-दहा नावं आणि आडनावं मात्र गाव, भावकी, कधी कधी वाडीसुद्धा ठरवून देतात. मोडी वाचता येत नसेल तर मोडीच्या वर्गांना जाणाऱ्या माणसाला पत्र वाचायला द्या, पण मूळ न देता स्कॅन द्या. नावं वाचताना दोघांकडून वेगवेगळी वाचून घ्यावी. शिपाई युद्धात पडला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या ऑनलाइन यादीत पलटण आणि क्रमांकावरून शोधा. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका, जाधवाचे पाच प्रकार सापडतील.

याआधीच्या काळात शिरायचं असेल तर मुंबईकराला ही जागा सोयीची आहे, कारण बऱ्याच मोहिमा इथल्याच बंदरातून निघाल्या: १८५६-५७ ची इराणवरची, १८६७-६८ ची ॲबिसिनियाची (आजच्या इथिओपियाची), आणि १९१४ ची मेसोपोटेमियाचीही. ब्रिटनच्या १७९५ च्या कायद्याने राजाच्या फौजेतल्या साध्या शिपायाला एका पेनीत पत्र पाठवायची सवलत मिळाली. अट अशी, की पैसे आधी भरायचे, पाकिटावर शिपायाने नाव, हुद्दा आणि पलटण लिहायची आणि कमांडिंग ऑफिसरने स्वतः सही करायची. अधिकाऱ्यांना ही सवलत नव्हती. तेव्हा कॅप्टनचं पत्र शिपायाच्या दराने गेलेलं दाखवत असतील तर काहीतरी गडबड आहे. हिंदुस्थानात पेनीचा हिशेब पुढे नऊ पैवर आला. १८७४ चं नऊ पैंचं फिकट जांभळं तिकीट शिपायाच्या अख्ख्या पाकिटावर, सही आणि पलटणीसकट मिळालं तर बघण्यासारखं असतं. सुट्या तिकिटाला त्याची सर नाही.

उलट टोकाला, स्वातंत्र्यानंतरचा काळ स्वस्त आहे आणि उगाचच कमी लेखला जातो. १९५३ मध्ये कोरियात गेलेल्या आपल्या तुकडीसाठी नेहमीच्या तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापलं गेलं. १९५४ मध्ये कंबोडिया, लाओस, व्हिएतनामसाठी, १९६२ मध्ये काँगोसाठी आणि १९६५ मध्ये गाझासाठीही तिकिटांवर छपाई झाली. कोरी तिकिटं सहज मिळतात. जवानाने घरी पाठवलेलं, वापरलेलं पाकीट शोधायला मात्र वेळ लागतो, आणि शोधायचं ते तेच.

दोन मालांपासून लांब राहा. पहिला, ‘आझाद हिंद’ची तिकिटं लावलेली ‘आझाद हिंद सैनिकाची पत्रं’. ती तिकिटं जर्मनीत छापली गेली, पण टपालात कधी चाललीच नाहीत. त्यामुळे शिक्का बसलेलं पाकीट हे नंतर केलेलंच. दुसरा, १९१७ मध्ये ब्रिटिशांनी बगदाद घेतल्यावर वर छपाई करून वापरलेली तुर्की तिकिटं. खरी दुर्मीळ, खोटी ढिगाने. तज्ज्ञाचं सर्टिफिकेट नसेल तर हात लावू नका.

खरेदीला जाताना दहा पट मोठं दिसणारं भिंग आणि छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, एवढं पुरतं. टॉर्चखाली कागद निळसर पांढरा लखलखला तर त्यात चकाकी आणणारी आधुनिक रसायनं आहेत, म्हणजे कागद बहुधा १९५० नंतरचा. जुना कागद मंद, पिवळट किंवा तपकिरी दिसतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद घडीच्या आत आणि बाहेर सारखाच रंगतो. खऱ्या जुन्या कागदात बाहेरची बाजू, कडा आणि घड्या जास्त काळवंडलेल्या असतात. भिंगाखाली शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग उतरते का ते बघा. तिकिटाच्या कडेला रेषा तुटून पुढे दोन केस सरकलेली दिसली तर तिकीट नंतर चिकटवलंय. बॉलपेनने लिहिलेलं पहिल्या महायुद्धाचं पत्र विकायला येत नाही असं समजू नका, येतं.

या काळात शिपायाच्या हाती असे ती कॉपिंग पेन्सिल. तिच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर जांभळा रंग मिसळलेला असतो. कोरडी असताना अक्षर राखी दिसतं आणि ओल लागली की गडद जांभळं होतं. भिंगाखाली असं पत्र पाहिलं की एखाद्या शब्दाचं पहिलं अक्षर जांभळं आणि पुढची राखी दिसतात, कारण लिहिणाऱ्याने टोक जिभेला लावलेलं असतं. खरेपणाची ही चांगली खूण आहे आणि धोक्याची सूचनाही. या पत्राला पाण्याचा, वाफेचा, ओल्या कापसाचा स्पर्श झाला तर मजकूर पसरून कायमचा जातो.

आता मुंबईची हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातली आर्द्रता ऐंशीच्या वर जाते, आणि ६५ टक्क्यांवर ती बराच काळ राहिली की बुरशी धरते. लक्ष्य ४५ ते ५५ टक्के ठेवा. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं तर मागचा पत्रा गार पडून आत घाम धरतो. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि खालचा कप्पा मोकळा सोडा. माळ्यावर तर ठेवूच नका. पत्र घडी उलगडून, शक्य तेवढं सपाट करून पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, ज्याच्या दोन बाजू उघड्या असतात. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या फाइली टाळा. त्या चिकटतात आणि शाई ओढून घेतात. लॅमिनेशन, सेलोटेप, स्टेपल, यू-पिन सगळं वर्ज्य. गंजलेली टाचणी आधीपासून असेल तर ओढू नका, खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून टोकं अलगद सरळ करा आणि मग काढा. पाकिटांचा संच हवाबंद डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्याएवढ्या डब्याला कापडी पुरचुंडीत १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल आणि आत छोटं आर्द्रतामापक. केशरी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पूर्ण गार झाल्यावर परत घाला. मापक ३५ च्या खाली गेलं तर जेल कमी करा. फार कोरडा कागद घडीवर तुटतो. डांबराच्या गोळ्या आणि कापूर यांनी कसर मरत असेल, पण त्यांची वाफ कागदाला आणि शाईलाही लागते, म्हणून तेही नको.

लोखंडी शाईची, म्हणजे लोहाचे क्षार असलेल्या शाईने लिहिलेली, जुनी पत्रं वेगळी ओळखा. अक्षराभोवती तपकिरी वलय आणि जाड रेघेवर कागदाला बारीक भोकं दिसली तर ती पुन्हा पुन्हा उलगडू नका. एकदाच ६०० डीपीआयवर पुढची, मागची, आतली बाजू आणि पाकिटाचं झाकण स्कॅन करा आणि पुढे स्कॅनवरूनच वाचा. पातळ कागदाला स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवला तर पलीकडची अक्षरं उमटत नाहीत. बुरशी दिसली तर घरात झटकू नका. ते पत्र वेगळ्या कागदी पाकिटात घालून बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि कागद-दुरुस्तीच्या जाणकाराकडे न्या.

विकत घेण्यासाठी चोरबाजारातली मटन स्ट्रीट (शुक्रवारी दुकानं बंद), फोर्टातले तिकीट-नाण्यांचे विक्रेते, लिलाव आणि प्रदर्शनं हे नेहमीचे रस्ते. चोरबाजारात सुटं पाकीट उचलण्यापेक्षा अख्खा गठ्ठा मागा आणि कुठल्या घरचा आहे ते विचारा. उत्तर मिळालं तर त्याच दिवशी लिहून ठेवा. पलटणींचा इतिहास आणि जुने गॅझेट चाळायला एशियाटिक सोसायटी आणि काळा घोड्याजवळचं महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे. परदेशी गिऱ्हाइकाला विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी समजून घ्या. ऐतिहासिक मोलाचा ७५ वर्षांपूर्वीचा कागद खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग तो कुरियरने असो की बॅगेतून. आणि हल्लीच्या ५६ किंवा ९९ एपीओच्या (आर्मी पोस्ट ऑफिसच्या) पाकिटांचे फोटो युनिटच्या नावासकट इंटरनेटवर टाकू नका.

पहिल्या वर्षी महाग काही घ्यायची गरज नाही. फिल्ड पोस्ट ऑफिसातून आलेल्या मनीऑर्डरींची कुपनं गोळा करा. बहुतेक विक्रेते ती रद्दीत टाकतात. रक्कम, तारीख, शिक्का आणि खालच्या चार बोटांच्या जागेत कोंबलेला ‘बैल घेणे, बाकी सावकारास देणे’ असला मजकूर, एवढं सगळं एका कागदावर मिळतं, आणि चारही कसोट्या लावून बघायला त्यासारखा स्वस्त सराव नाही.